सिंहांच्या गोष्टीतली माणसं

त्सावो हे नाव आमच्या घरात पुस्तकाच्या कितीतरी आधी आलं. ते आणलं माझ्या आईच्या काकांनी. आम्ही त्यांना आप्पाआजोबा म्हणायचो. राजापूर तालुक्यातल्या घरातून ते मुंबईला गेले, मुंबईहून बोटीनं मोम्बासाला, आणि तिथं रेल्वेच्या मालधक्क्यावर कारकून झाले. वॉई नावाच्या स्टेशनात त्यांची उमेदीची वर्षं गेली. वॉई सोडून नैरोबीकडं निघालेली गाडी पुढं त्सावो नदीचा पूल ओलांडते. केनिया स्वतंत्र झाल्यावर ते माईआजीला घेऊन गावी परतले, आणि मग मे महिन्याच्या सुट्टीत रात्रीची जेवणं उरकली की ओटीवर आम्हाला त्सावो ऐकायला मिळू लागलं.

त्यांच्या गोष्टीत साहेब नव्हता. ती गोष्ट त्यांनी वॉईच्या एका म्हाताऱ्या पंजाबी सुताराकडून ऐकली होती. सगळं स्टेशन त्याला चाचा म्हणायचं. रेल्वेचे रूळ पडत होते तेव्हा हा चाचा मिसरूडही न फुटलेला पोरगा होता आणि आपल्या मामाबरोबर कामावर आला होता. त्यामुळं आम्ही ऐकलं ते असं : एका तंबूत आठ-दहा माणसं झोपायची. दाराशी कोण झोपणार यावरून रोज संध्याकाळी वाद व्हायचा. पोरगा म्हणून याला कायम मधली जागा मिळायची. भोवती बाभळीच्या काट्यांचं उंच कुंपण, आत रात्रभर शेकोट्या. लांबून डरकाळी येत असली तर माणसं निर्धास्त असायची. डरकाळी थांबली की छावणीतून छावणीत आरोळ्या जायच्या, रिकामे डबे बडवले जायचे, कारण सिंह गप्प झाला म्हणजे तो जवळ आलेला असायचा. काहींनी तंबूच्या आतच खड्डे खणून वर ओंडके टाकले आणि त्यात झोपू लागले. काही पाण्याच्या टाक्यांवर चढून बसले. झाडांवर इतक्या खाटा बांधल्या गेल्या की एक झाड भारानं मोडून खाली आलं. सकाळ झाली की मोजदाद. मग कुदळी घेऊन पुन्हा रुळांवर.

कॉलेजात गेल्यावर लेफ्टनंट कर्नल जॉन हेन्री पॅटरसनचं १९०७ सालचं ‘द मॅन-ईटर्स ऑफ त्सावो’ हाती लागलं. पहिली पन्नास पानं वाचताना मला सारखं वाटत होतं की हे आपण आधी पाहिलेलं आहे. खड्डे होते, डबे होते, मोडलेलं झाडही होतं. फक्त आता मी तंबूत नव्हतो, झाडावर बंदूक घेऊन बसलेल्या माणसाशेजारी होतो. आफ्रिकेतल्या शिकारीवर लिहिणाऱ्यांचं मला जे वेड लागलं ते तिथून, आणि ते आजतागायत उतरलेलं नाही. चांगला शिकारी-लेखक कसा ओळखावा याचं मापही तिथंच मिळालं. प्राणी किती मारले यावरून तो ओळखता येत नाही. त्याच्या पुढं माग काढत कोण चाललं होतं, मागं डोक्यावर ओझी घेऊन कोण येत होतं, पाणी कुणी आणलं, हे त्यानं लिहिलं का, ते मी आधी बघतो.

पॅटरसन या मापाला उतरतो. पुरता उतरत नाही, पण उतरतो. तो १८९८च्या मार्चमध्ये त्सावोला पूल बांधायला आला. त्याआधी हिंदुस्थानात लष्करात होता, हिंदुस्तानी बोलायचा. मोम्बासाहून व्हिक्टोरिया सरोवराकडं जाणाऱ्या त्या रेल्वेसाठी १८९६पासून हिंदुस्थानातून करारावर बत्तीस हजारांच्या आसपास मजूर नेले गेले. बहुतेक पंजाबचे, कराचीच्या बंदरातून चढलेले. अडीच हजारांच्या जवळपास तिथंच मेले, हजारो जायबंदी होऊन परतले, आणि साडेसहा हजारांहून जास्त तिथंच राहिले. सिंहांनी मारलेली माणसं या आकड्यात थोडी. जास्त मेली ती ताप, हगवण आणि अपघातांनी. तरी जगानं लक्षात ठेवले ते दोन आयाळ नसलेले सिंह, कारण पॅटरसननं त्यांच्यावर पुस्तक लिहिलं. मला याचं वाईट वाटत नाही. उलट ते पुस्तक नसतं तर जमादार उंगनसिंगचं नावही उरलं नसतं. तो धिप्पाड शीख जमादार तंबूच्या दाराशी झोपला होता आणि सिंहानं त्याला तिथून ओढून नेलं. त्याच्या शेजारी झोपलेल्या माणसानं काय पाहिलं ते पॅटरसननं विचारून लिहून ठेवलं आहे.

त्या पुस्तकातलं माझ्या सर्वांत आवडीचं पान पॅटरसनचं नाहीच. ते आहे झेलम जिल्ह्यातल्या रोशन मिस्तरीचं. दोन्ही सिंह मेल्यावर, जानेवारी १८९९च्या अखेरीस, रोशननं हिंदुस्तानीत एक लांबलचक कवन रचलं आणि साहेबाला दिलं. मजुरांनी वर्गणी काढून चांदीचा एक वाडगाही दिला. पॅटरसननं त्या कवनाचं भाषांतर आपल्या पुस्तकात छापलं. हा मोठेपणा मी कमी लेखणार नाही. त्या काळात किती इंग्रज लेखकांनी आपल्या पुस्तकात मजुराला कवी म्हणून जागा दिली? रोशनच्या कवनात देश सोडून आल्याची व्यथा आहे, भीती आहे, साहेबाची स्तुती तर आहेच. चाचा सांगायचा की तसली कवनं छावणीत बरीच होती, लोक शेकोटीपाशी म्हणायचे. त्यातलं हे एक साहेबाच्या हाती पडलं, म्हणून टिकलं.

एका गोष्टीत मात्र पुस्तक आणि ओटी यांचं पटत नाही. १ डिसेंबर १८९८ला मजुरांनी काम सोडलं. शेकडो माणसं रुळांवर आडवी पडली, येणारी गाडी थांबवली, मिळेल तिथं लटकली आणि मोम्बासाकडं निघून गेली. काम जवळजवळ तीन आठवडे बंद पडलं. पॅटरसन हे सांगतो तेव्हा त्याच्या सुरात भेदरलेल्या माणसांची कीव आहे. चाचा हेच सांगताना, आप्पा म्हणायचे, ताठ बसायचा. आम्ही करारावर आलो होतो ते काम करायला, सिंहाच्या पोटात जायला नाही, असं त्यांनी साहेबाला सांगितलं होतं. इंजिनासमोर आडवं पडायला छाती लागते. मला चाचाचं म्हणणं पटतं. मचाणावर बंदूक घेऊन बसण्याइतकंच ते धाडस होतं, आणि हातात बंदूक नसताना केलेलं होतं.

पहिला सिंह ९ डिसेंबरला पडला, दुसरा २९ डिसेंबरला. दुसऱ्याच्या वेळी महीना नावाचा बंदूकवाला पॅटरसनबरोबर होता. जखमी सिंह अंगावर येताना पॅटरसननं दुसऱ्या बंदुकीसाठी हात मागं केला, तर महीना बंदुकीसकट झाडावर चढून गेलेला होता. ही हकीकत वाचून लोक महीनावर हसतात. मला मात्र त्याआधीचं आठवतं. दोघं आळीपाळीनं रात्र जागत होते, आणि महीना जागा आहे या भरवशावर पॅटरसन त्या झाडावर डोळे मिटू शकत होता.

किती माणसं गेली यावर आप्पांचं ठाम मत होतं : शंभरावर. पॅटरसननं पुस्तकात रेल्वेचे २८ मजूर लिहिले, शिवाय ज्यांची नोंदच झाली नाही असे आफ्रिकी. पुढं तोच आकडा त्यानं १३५वर नेला. त्या सिंहांची कातडी बरीच वर्षं त्याच्या घरी जमिनीवर अंथरलेली होती. नंतर शिकागोच्या फील्ड म्युझियमनं ती विकत घेतली आणि पेंढा भरून सिंह उभे केले. २००९ साली संशोधकांनी केस आणि हाडं तपासून अंदाज काढला : दोघांनी मिळून सुमारे ३५ माणसं खाल्ली असावीत, त्यातली जास्त एकट्यानं. त्या एकाचा सुळा मोडलेला होता आणि मुळाशी गळू झालं होतं. त्यात १८९०च्या दशकात बुळकांडीच्या साथीनं पूर्व आफ्रिकेतली गुरं आणि रानम्हशी लाखांनी मेल्या होत्या. त्सावोवरून गुलामांचे तांडे किनाऱ्याकडं जायचे, वाटेत पडलेली माणसं तशीच टाकली जायची. सिंहाला माणसाची चव लागायला रेल्वे यायची गरज नव्हती. आप्पा असते तर त्यांनी हा ३५चा आकडा मान्य केला नसता. खाल्लेली माणसं वेगळी आणि मारलेली वेगळी, असं ते म्हणाले असते, आणि त्यात तथ्य आहे.

आप्पांकडं एक ट्रंक भरून पुस्तकं होती. केनिया सोडून जाणारे साहेब लोक सामान विकायचे तेव्हा त्यांनी ती स्वस्तात घेतली होती. बहुतेक शिकारीची. त्यांनी स्वतः आयुष्यात बंदूक धरली नाही. मासेसुद्धा माईआजीच साफ करायची. पण ती पुस्तकं त्यांनी शिसपेन्सिल घेऊन वाचली होती. समासात स्टेशनांची नावं, अंतरं आणि जागोजाग ‘हे खरे’ किंवा ‘हे पाहिले आहे’. माझं वाचन त्या समासांमधून झालं.

रूझवेल्टचं ‘आफ्रिकन गेम ट्रेल्स’ त्यांना आवडायचं, मला नाही. राष्ट्राध्यक्षपद सोडून तो १९०९च्या एप्रिलमध्ये मोम्बासाला उतरला, मुलाला घेऊन, स्मिथसोनियन संस्थेसाठी नमुने गोळा करायला. ओझेकऱ्यांची मोठी फौज, आणि पुस्तकात प्राण्यांची यादी संपता संपत नाही. आप्पांना त्यातलं एकच दृश्य हवं असायचं. इंजिनाच्या पुढच्या टोकाला बाक बसवून रूझवेल्ट त्यावर बसला आणि मोम्बासाहून आत निघाला. रेल्वेच्या माणसाला याहून मोठा मान कोणता वाटणार? त्या प्रवासात त्याच्याबरोबर फ्रेडरिक कोर्टनी सेलूस होता, आणि सेलूसबद्दल मात्र आम्हा दोघांचं एकमत होतं.

सेलूस १८५१ साली लंडनमध्ये जन्मला आणि विशीच्या आत दक्षिण आफ्रिकेत पोचला. मटाबेलेंचा राजा लोबेंगुलाकडं हत्तींच्या शिकारीची परवानगी मागायला गेला, तेव्हा राजा हसला : हा तर पोरगा. त्याचं ‘अ हंटर्स वाँडरिंग्ज इन आफ्रिका’ १८८१ साली आलं. त्यात चुकलेले बार आहेत, तहानेनं कोरडे पडलेले दिवस आहेत, हरवलेले घोडे आहेत. १९०८च्या ‘आफ्रिकन नेचर नोट्स अँड रेमिनिसन्सेस’मध्ये तो त्याहून पुढं गेला. झेब्र्याचे पट्टे त्याला लपवतात असं त्या काळचे विद्वान घरात बसून लिहीत होते. सेलूस म्हणाला, मी वर्षानुवर्षं हे प्राणी त्यांच्या रानात पाहिले आहेत, मला तसं दिसलं नाही. पाहिलेलं लिहायचं आणि न पाहिलेल्याबद्दल शंका ठेवायची, ही सवय शिकाऱ्यांमध्ये जितकी मी पाहिली तितकी फार थोड्या लेखकांमध्ये. माग चुकीचा वाचला तर रात्री उपाशी झोपावं लागतं. पहिल्या महायुद्धात पासष्टी गाठलेला हा माणूस सैन्यात होता, आणि ४ जानेवारी १९१७ रोजी आजच्या टांझानियात बेहो बेहोला गोळी लागून गेला. तिथंच एका चिंचेखाली त्याला पुरलं. पुढं त्या सगळ्या प्रचंड रानाला त्याचं नाव मिळालं. २०१९ साली त्यातला मोठा भाग न्येरेरे राष्ट्रीय उद्यान झाला, आणि हे मला योग्य वाटतं. त्या मातीच्या माणसाचं नाव त्या रानाला मिळायला हवंच होतं.

ट्रंकेतलं सर्वांत झिजलेलं पुस्तक वॉल्टर बेलचं, ‘द वाँडरिंग्ज ऑफ ॲन एलिफंट हंटर’, १९२३चं, त्याच्या स्वतःच्या चित्रांसह. हा स्कॉटिश पोरगा सोळा-सतराव्या वर्षीच युगांडा रेल्वेवर सिंहांपासून राखण करायला आला होता. म्हणजे हाही रेल्वेचाच. नंतर तो युगांडाच्या ईशान्येला करामोजात गेला आणि हत्तींमागं लागला. हजाराहून जास्त हत्ती त्यानं मारले. आज हा आकडा वाचवत नाही, आणि वाचवू नयेच. पण बेलचं गद्य वाचावं. तो ओरडत नाही. बाकीचे मोठ्या नळीच्या जड बंदुका घेऊन फिरत असताना यानं हलकी रायफल घेतली. हत्तीची कवटी करवतीनं उभी कापून मेंदू नेमका कुठं असतो ते पाहिलं आणि त्याची चित्रं काढली. एका सुळेवाल्या नरामागं त्याची सरासरी ७३ मैल पायपीट व्हायची, वर्षाला बुटांचे २४ जोड झिजायचे. म्हणजे हे पुस्तक मुळात चालण्याचं आहे. आणि त्यात पायजाले आहे. पायजाले हा करामोजाचा भालेकरी, बेलच्या पुढं चालणारा. बेल त्याच्याबद्दल लिहितो तेव्हा त्याच्या शब्दांना वेगळीच ऊब येते. त्याची चाल, त्याचं शांत डोकं, धोक्यात त्याचं न हलणं. आप्पांनी तिथं समासात लिहिलंय : ‘असा एक माणूस वॉईस होता.’ कोण ते लिहिलेलं नाही.

बेलच्या पुस्तकावरून घरात एकदा वाद झाला. माईआजीकडं तिच्या आजीची हस्तिदंती फणी होती. ती ती देवघरातल्या डबीत ठेवायची. आप्पा म्हणाले, ही आफ्रिकेची. माई म्हणाली, माझ्या आजीनं आफ्रिकेचं नावही ऐकलं नव्हतं. आप्पांनी मग समजावलं. झांझिबारहून हस्तिदंत कित्येक पिढ्या मुंबईला येत होता. गुजरात-काठेवाडातल्या लग्नांत नवरीच्या हातात हस्तिदंती चुडा लागायचा, आणि हिंदी हत्तीपेक्षा आफ्रिकी हत्तीचा दात कोरायला चांगला. मुंबईच्या बाजारातून तो पुढं लंडनलाही जायचा. बेल एकटा हत्ती मारत नव्हता. त्याच्यामागं आपल्या बायकांचे चुडे, फण्या आणि साहेबांच्या पियानोच्या पट्ट्या, बिलियर्डचे चेंडू असे सगळे उभे होते. माईनं ऐकून घेतलं आणि त्यानंतर ती फणी वापरायला काढली नाही. हस्तिदंताच्या जागतिक व्यापारावर बंदीचा निर्णय १९८९ साली झाला. तोवर माई राहिली नव्हती.

माईच्या स्वतःच्या गोष्टी वेगळ्या. तिला सिंहांत रस नव्हता. तिच्यासाठी आफ्रिका म्हणजे रेल्वेच्या पत्र्याच्या चाळी, पाण्याचे टाके, शेजारच्या गोवेकरणीनं शिकवलेली मटणाची भाजी, आणि डॉक्टर रिबेरो. रोझेंडो आयर्स रिबेरो हे गोव्याचे डॉक्टर १९००च्या सुमारास नैरोबीत आले आणि तिथले पहिले खासगी डॉक्टर झाले. १९०२च्या प्लेगचं निदान त्यांनी केलं. रोगी बघायला ते माणसाळवलेल्या झेब्र्यावर बसून जायचे. माई केनियात गेली तोवर ती गोष्ट जुनी झाली होती, पण तिनं ती गोवेकरणीकडून ऐकली होती आणि आम्हाला ती दरवर्षी हवी असायची. एवढ्या शिकारकथा वाचल्या, पण झेब्र्यावर खोगीर टाकून तापकऱ्याच्या दाराशी जाणारा हा डॉक्टर मला त्यातल्या कुणाहीपेक्षा कमी धाडसी वाटत नाही. त्याच्यावर कुणी नीट पुस्तक लिहायला हवं होतं.

जे. ए. हंटर हा नावाचाच शिकारी. तोही सुरुवातीला याच लाइनीवर गार्ड होता आणि चालत्या गाडीतून जनावरं टिपायचा. आप्पांच्या वेळचे जुने गार्ड त्याचं नाव काढायचे. त्याचं ‘हंटर’ हे पुस्तक १९५२ साली आलं. १९४४ ते १९४६ या काळात मकुएनीची जमीन वाकांबा शेतकऱ्यांसाठी मोकळी करायची म्हणून सरकारनं त्याला गेंडे मारायला नेमलं. जवळजवळ हजार गेंडे त्यानं तिथं मारले. ते काम त्यानं चोख केलं आणि मग पुस्तकात थांबून विचारलं की थोड्या एकरांसाठी असा विलक्षण प्राणी संपवणं योग्य होतं का. हा प्रश्न त्याला आधी पडायला हवा होता, असं कुणी म्हणेल. मी म्हणत नाही. ज्याच्या हातून झालं त्यानंच, छापील पानावर, कुणी न विचारता हे लिहिलं. शिकारकथांच्या इतिहासात मला हे पान फार महत्त्वाचं वाटतं. त्यानंतर या लेखनाचा सूरच बदलत गेला.

हेमिंग्वेचं ‘ग्रीन हिल्स ऑफ आफ्रिका’, १९३५, मी दोनदा वाचलं. त्यातला लेखक सारखा मध्ये येतो. पण मकोला हा त्याचा वयस्क बंदूकवाला आहे, आणि मकोला कशाला हसतो, कशावर रुसतो, हे त्यानं फार प्रेमानं टिपलंय. त्यासाठी ते पुस्तक ठेवावं. कॅरन ब्लिक्सनच्या १९३७च्या ‘आउट ऑफ आफ्रिका’त शिकार थोडी, पण न्गोंगच्या तिच्या मळ्यावर पूरणसिंग लोहार आहे. त्याच्या भट्टीभोवती सगळा मळा गोळा व्हायचा. एका डॅनिश बाईनं पंजाबी लोहाराचं इतकं जिवंत चित्र काढावं याचा मला आनंद होतो. बेरिल मार्कहॅम तर लहानपणी नांदी मुलांबरोबर अनवाणी रानडुकरांमागं पळालेली. तिचं ‘वेस्ट विथ द नाइट’ १९४२चं. आणि रॉबर्ट रुआर्क. ‘हॉर्न ऑफ द हंटर’, १९५३. तरुण हॅरी सेल्बीबरोबर केलेली सफर. रुआर्कची वाक्यं कधी कधी फार बोलतात, पण म्हैस समोर आल्यावर आपले पाय कसे कापले हे सांगायला तो लाजत नाही.

मे १९७७मध्ये केनियानं शिकारीवर बंदी घातली. त्याच साली पीटर कॅपस्टिकचं ‘डेथ इन द लाँग ग्रास’ अमेरिकेत गाजलं. ते चटकदार आहे, हातातून सुटत नाही. पण मला त्यात माणसं कमी दिसतात आणि दात-नखं जास्त. सेलूस, बेल यांच्याकडं परत जावंसं वाटतं.

या सगळ्या शेल्फावर एक मोठी मोकळी जागा आहे, आणि ती मला सर्वांत जास्त सलते. त्सावोच्या रानात वाटा जमातीचे लोक पिढ्यान्पिढ्या हत्तीची शिकार करायचे. बंदूक नाही. मजबूत लांब धनुष्य, झाडाच्या रसापासून केलेलं विष लावलेला बाण, आणि हत्तीच्या अगदी जवळ जाऊन एक नेम. त्या धनुष्याला जो जोर लागायचा तो लावणं भल्याभल्या साहेबांना जमत नसे. १ एप्रिल १९४८ला त्सावो राष्ट्रीय उद्यान झालं आणि हे लोक एका रात्रीत चोर ठरले. १९५६-५७मध्ये डेव्हिड शेल्ड्रिकच्या नेतृत्वाखाली चोरट्या शिकारीविरुद्ध मोठी मोहीम निघाली, तिचं ठाणं वॉईलाच. आप्पांनी त्या वेळी पकडून आणलेले वाटा फलाटावर बसलेले पाहिले होते. मोम्बासाच्या गाडीची वाट बघत, पायात काही नाही, आणि त्यांच्यातला एक जण फलाटावरच्या मुलाला हातवारे करून हत्ती कसा वळतो ते दाखवत होता. हत्ती वाचायला हवे होते, त्सावोचे हत्ती शेल्ड्रिकमुळं वाचले, हे मी मनापासून मानतो. पण हत्तीबद्दल ज्यांना सर्वांत जास्त कळत होतं त्यांच्याकडून कुणी बसून ऐकून घेतलं असतं, तर सेलूसच्या तोडीचं पुस्तक झालं असतं. ज्या साहेबांनी त्यांच्यावर लिहिलं त्यांनी त्यांच्या धनुर्विद्येचं कौतुक केलं. पण बोलणारा साहेबच राहिला.

म्हणून मी शेवटी जिम कॉर्बेटपाशी येतो. तो आपला म्हणून मराठी वाचकाला नरभक्षक वाघांमुळं माहीत आहे. पण तो आफ्रिकेचाही आहे. १९४७च्या शेवटी नैनिताल सोडून, बहिणीला घेऊन, मुंबईहून बोटीनं तो मोम्बासाला गेला आणि न्येरीला स्थायिक झाला. बेडन पॉवेलसाठी बांधलेल्या छोट्या घरात राहिला. फेब्रुवारी १९५२मध्ये ट्रीटॉप्सच्या मचाणावर राजकन्या एलिझाबेथबरोबर तो होता, आणि त्याच रात्री ती राणी झाली. १९ एप्रिल १९५५ला तो गेला, आणि न्येरीच्याच चर्चच्या आवारात त्याला पुरलं. त्यानं शेवटच्या वर्षांत केनियाच्या डोंगरात बसून काय लिहिलं? ‘माय इंडिया’. त्यात मोकामेह घाट आहे, जिथं कॉर्बेट वीसहून जास्त वर्षं रेल्वेचा माल एका गाडीतून दुसऱ्या गाडीत चढवून देण्याचं कंत्राट सांभाळत होता. त्यात हमाल आहेत, त्यांची नावं आहेत, आणि पटकीनं गेलेला त्यांचा मुकादम चमारी आहे. माझ्या मते कॉर्बेटच्या सगळ्या वाघांहून चमारीचं प्रकरण मोठं आहे. बेलच्या पायजालेला आणि हेमिंग्वेच्या मकोलाला जी जागा शिकारीच्या कडेला मिळाली, ती चमारीला प्रकरणाच्या मध्यावर मिळाली. शिकार त्या पानांत नाहीच. पण शिकाऱ्याची नजर सगळी आहे.

मालधक्क्यावर आयुष्य काढलेल्या आप्पांना हे पुस्तक नैरोबीत मिळालं. ते रोज रात्री माईला त्याचं मराठी करून सांगायचे. शिकारीच्या पुस्तकांना हात न लावणाऱ्या माईनं चमारीचं प्रकरण दोनदा सांगायला लावलं. आणि मग म्हणाली, ‘अहो, तुमच्या वॉईच्या हमालांचं तुम्ही का नाही लिहीत?’

आप्पांनी खरंच लिहायला घेतलं. रेल्वेच्या एका रद्द झालेल्या वहीत, मोडी वळणाच्या देवनागरीत. फार पानं झाली नाहीत. ती माझ्याकडं आहेत. त्यात कोण कुठल्या गावचा, कुणाच्या पाठीवर किती मणाचं पोतं चढायचं, तैताचा कोण, कांबा कोण, कच्छचा कोण, पगाराच्या दिवशी कोण पैसे घरी पाठवायचा आणि कोण नाही, एका हमालाला झालेला मुलगा, दुसऱ्याचं मोडलेलं बोट, चाचाचा मामा कुठं पुरला आहे. सिंह त्यात एकदाच येतो, तोही मालगाडी पाच तास उशिरा का पोचली याच्या खुलाशात.